उंदीर थकला की थांबला?

व्यायामाच्या शरीरशास्त्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला एक पेपर कधी ना कधी वाचावाच लागतो. उलरिक विस्लॉफ आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २००५ साली 'सायन्स'मध्ये आला. गोष्ट थोडक्यात अशी. प्रयोगशाळेतल्या उंदरांचे दोन वंश वाढवले. एका वंशात दर पिढीला जास्त पळणारे निवडले, दुसऱ्यात कमी पळणारे. अकरा पिढ्यांनंतर दोन्ही वंशांच्या पळण्याच्या अंतरात ३४७ टक्क्यांचा फरक पडला होता. कमी पळणाऱ्या वंशात रक्तदाब जास्त, पोटातली चरबी जास्त, रक्तातली साखर आणि चरबीही जास्त. आणि हे उंदीर व्यायाम करून तयार झालेले नव्हते. जन्मतः जसे होते तसेच त्यांना मोजलं होतं.

यावरून बातम्या काय झाल्या असतील हे तुम्ही ओळखलंच असेल. 'दम जन्मजात असतो' आणि 'दम कमी तो रोगी'. पुढे २०११ मध्ये याच वंशांचं आयुष्य मोजलं गेलं. कमी पळणाऱ्या उंदरांचं आयुष्य २८ ते ४५ टक्क्यांनी कमी भरलं.

निष्कर्ष मोठे आहेत आणि काम प्रामाणिक आहे, हे आधीच सांगून टाकते. पण आज मला निष्कर्षांबद्दल बोलायचं नाही. या सगळ्याच्या तळाशी जी एक साधी चाचणी आहे, तिच्याबद्दल बोलायचंय. उंदराला पळवायचं आणि तो कधी थांबतो ते बघायचं. माझं म्हणणं एका वाक्यात असं: ही चाचणी उंदीर कधी थांबला ते सांगते, आणि आपण ती उंदीर कधी थकला म्हणून वाचतो. थकणं आणि थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चाचणी नेमकी कशी असते

स्टीव्हन ब्रिटन आणि लॉरेन कॉख यांनी हे वंश अमेरिकेत ओहायोमध्ये तयार करायला सुरुवात केली. २००१ साली त्यांनी पहिल्या सहा पिढ्यांचा हिशोब छापला. चाचणी अशी: उंदीर ११ आठवड्यांचा. ट्रेडमिलला १५ अंशांचा चढ. सुरुवातीचा वेग मिनिटाला १० मीटर. दर दोन मिनिटांनी वेग १ मीटरने वाढवायचा. ट्रेडमिलच्या मागच्या टोकाला विजेची जाळी असते. उंदीर मागे पडला की जाळीवर येतो, झटका बसतो, तो पुन्हा पट्ट्यावर उडी मारतो. पण एक वेळ अशी येते की तो उडी मारत नाही. जाळीवरच दोन सेकंद बसून राहतो. असं तिसऱ्यांदा झालं की उंदीर 'थकला' अशी नोंद करायची आणि त्याला बाहेर काढायचं. हे पाच दिवस, रोज एकदा. पाचांतला सर्वांत चांगला दिवस खरा धरायचा.

आता नीट बघा, इथे 'थकला' या शब्दाची व्याख्या काय आहे? झटका सहन करून बसून राहणं. म्हणजे मोजलं गेलं ते उंदराचं वागणं. हृदयाचे ठोके, रक्तातलं लॅक्टेट, आत गेलेला ऑक्सिजन, यातलं काहीही या व्याख्येत नाही.

व्यवहार म्हणून हे समजण्यासारखं आहे. शेकडो उंदीर, प्रत्येकाच्या पाच चाचण्या, पिढ्यान् पिढ्या. एवढ्या जनावरांचा ऑक्सिजन मोजत बसलं तर एका पिढीतच फंड संपेल. सोपी, सारखी आणि कुणालाही करता येईल अशी चाचणी हवी होती, तशी त्यांनी केली. पण सोपी चाचणी निवडली की तिची किंमत कुठेतरी मोजावी लागते, आणि ती किंमत वाचणाऱ्याला दिसली पाहिजे.

एक पळणं, तीन आकडे

सहाव्या पिढीत कमी पळणारे उंदीर सरासरी ३१० मीटर पळाले आणि जास्त पळणारे ८३९ मीटर. फरक १७१ टक्के. हा आकडा ऐकला की डोळ्यांसमोर काय येतं? एक उंदीर दुसऱ्याच्या पावणेतीन पट ताकदीचा.

आता वही घ्या आणि माझ्याबरोबर हिशोब करा. पहिली दोन मिनिटं मिनिटाला १० मीटर, म्हणजे २० मीटर. पुढची दोन मिनिटं ११ च्या वेगाने, म्हणजे २२ मीटर. असं करत गेलात तर वीस मिनिटांत २९० मीटर होतात. एकविसाव्या मिनिटाला वेग २० असतो, आणि ३१० मीटर पुरे होतात. म्हणजे कमी पळणारा सरासरी उंदीर साधारण २१ मिनिटं टिकला आणि २० च्या वेगाला थांबला. तसंच पुढे मोजत गेलात तर ८३९ मीटरचा उंदीर साधारण ४२ मिनिटं टिकला आणि ३० च्या वेगाला थांबला.

पळणं तेच, चाचणी तीच. आता तुलना करा:

अंतर मोजलं तर फरक २.७ पट.
वेळ मोजली तर २ पट.
शेवटी गाठलेला वेग मोजला तर फक्त १.५ पट.

कुठलाच आकडा खोटा नाही. पण वेग सतत वाढत जाणाऱ्या चाचणीत अंतर हा आकडा फरक फुगवून दाखवतो. जो जास्त टिकतो त्याची पुढची मिनिटं जास्त वेगाची असतात, म्हणून त्याचं अंतर चक्रवाढ व्याजासारखं वाढतं. दम म्हणजे दर मिनिटाला शरीर किती इंधन जाळू शकतं, असा अर्थ घ्यायचा असेल तर शेवटचा वेग त्याच्या जास्त जवळचा आहे. पण शीर्षकात आणि सारांशात येतं ते अंतर, कारण ते मोठं दिसतं. यात कुणाचा डाव आहे असं मी म्हणत नाही. आपण वाचताना 'टक्के कशाचे?' हे विचारत नाही, एवढंच.

ऑक्सिजन मोजला की चित्र बदलतं

दम मोजायची खरी रीत जुनी आहे. आर्चिबाल्ड हिल आणि हार्टली लप्टन यांनी १९२३ मध्ये माणसांवर दाखवलं की वेग वाढवत गेलं तर शरीर घेत असलेला ऑक्सिजनही वाढत जातो, पण एका टप्प्यावर तो वाढायचा थांबतो. वेग वाढवा, ऑक्सिजन तेवढाच. हे पठार म्हणजे त्या शरीराची कमाल मर्यादा, जिला आज आपण व्हीओटू मॅक्स म्हणतो. उंदरासाठी हेच करायचं तर ट्रेडमिल हवाबंद पेटीत ठेवतात, पेटीतून ठराविक वेगाने हवा खेचतात, आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतला ऑक्सिजन मोजतात. जो कमी झाला तो उंदराने वापरला.

या रीतीचा मोठा फायदा असा की पठार दिसलं का, हे तपासता येतं. पठार दिसलं तर शरीराची मर्यादा गाठली. पठार येण्याआधीच उंदीर जाळीवर बसला तर शरीरात अजून दम शिल्लक होता आणि तरी तो थांबला. थकणं आणि थांबणं इथे वेगळं करता येतं.

आता गंमत बघा. २००५ च्या पेपरमध्ये विस्लॉफ यांच्या गटाने ऑक्सिजनही मोजला होता. म्हणजे त्यांनी काम अर्धवट सोडलं नव्हतं. पळण्याच्या अंतरात फरक ३४७ टक्के, आणि कमाल ऑक्सिजनमध्ये फरक ५८ टक्के.

५८ टक्के हा काही छोटा फरक नाही. माणसांत दोन गटांमध्ये एवढा फरक दिसला तर आपण तोंडात बोट घालू. पण ३४७ आणि ५८ यांच्यामध्ये जी दरी आहे, तिच्यात काय काय बसलंय? थोडा वाटा वर सांगितलेल्या अंतराच्या गणिताचा. थोडा पळण्याच्या किफायतीचा, म्हणजे तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये कोण किती वेगाने पळतो याचा. थोडा वजनाचा, कारण कमी पळणारे उंदीर जाडही असतात आणि १५ अंशांच्या चढावर स्वतःचं वजन वर न्यावं लागतं. आणि एक वाटा मनाचा. झटक्याची भीती किती, यंत्राची सवय किती, पळायची मुळात इच्छा किती.

हा शेवटचा वाटा मी कल्पनेने घुसवलेला नाही. याच दोन वंशांच्या पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवलं, झटका नाही, जबरदस्ती नाही, तरी जास्त पळणाऱ्या वंशाचे उंदीर चाकावर स्वतःहून जास्त पळतात. म्हणजे निवड करताना हृदय आणि स्नायूंबरोबर पळायची हौसही निवडली गेली. निवडीचा नियमच असा आहे. चाचणी जे मागते तेच पुढची पिढी देते. आपण 'जाळीपासून जास्त वेळ लांब राहा' असं मागितलं. त्यासाठी लागणारं सगळं मिळालं, दमही आणि बाकीचंही.

वजनाचा मुद्दा जरा उलगडून सांगते, कारण पेपरांत तो पटकन निसटतो. समजा दोन उंदीर मिनिटाला सारखाच २१ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतात. एकाचं वजन ३०० ग्रॅम, दुसऱ्याचं ४००. किलोने भागलं तर पहिल्याचे ७० आणि दुसऱ्याचे ५२.५. हृदय आणि फुप्फुसं तेवढंच काम करताहेत, पण कागदावर एक उंदीर ३३ टक्क्यांनी 'फिट' झाला. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवलेल्या नियमाप्रमाणे शरीराचा ऊर्जाखर्च वजनाच्या सरळ प्रमाणात न वाढता साधारण पाऊण घाताने वाढतो. त्या रीतीने भागलं तर हाच फरक २४ टक्क्यांवर येतो. जाड गट आणि बारीक गट यांची तुलना असेल तर कशाने भागलं यावर निकाल बराच अवलंबून असतो.

भरतीच्या ग्राउंडवर

हा फरक समजायला लांब जायला नको. आमच्या भूमला, किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला, पहाटे रस्त्यावर किंवा ग्राउंडवर बघा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. हीसुद्धा अंतराची आणि वेळेचीच चाचणी. इथे कुणी ऑक्सिजन मोजत नाही, आणि तरी ती बऱ्यापैकी काम करते. का?

कारण पळणाऱ्याला माहीत असतं की कशासाठी पळायचंय. घरची स्थिती, वयाची अट, मागच्या वेळी थोडक्यात हुकलेली संधी, हे सगळं त्याच्या पाठीशी असतं. शेवटच्या दोनशे मीटरला तो जे काही शिल्लक आहे ते सगळं ओततो. म्हणून तो जिथे संपतो ती जागा त्याच्या शरीराच्या मर्यादेच्या बरीच जवळ असते. प्रयोगशाळेत माणसाची चाचणी घेतानाही आपण त्याला आधी समजावतो, शेवटी ओरडून प्रोत्साहन देतो, मधेमधे विचारतो, 'किती दम लागलाय, आकड्यात सांग.' त्यासाठी स्वीडनच्या गुन्नर बोर्ग यांची ६ ते २० अशी मोजपट्टीच आहे.

उंदराला यातलं काहीच नाही. त्याला ग्राउंड माहीत नाही, भरती माहीत नाही. त्याला एवढंच कळतं की मागे गेलं की चटका बसतो. शिवाय उंदीर रात्रीचा प्राणी. आपण लॅब उघडतो सकाळी दहाला आणि चाचणी घेतो दुपारी, म्हणजे त्याच्या झोपेच्या वेळी. तुम्हाला रात्री दोनला उठवून १६०० मीटर पळायला लावलं तर जो वेळ येईल, त्यावरून तुमची भरती करायची का?

आणि तरी काही उंदीर पळतच नाहीत. पहिल्याच दिवशी जाळीवर बसतात आणि झटके खात राहतात. कित्येक पेपरांत पद्धतीच्या भागात एक ओळ सापडते, 'पळण्यास तयार नसलेल्या प्राण्यांना वगळले.' ही ओळ मी दरवेळी दोनदा वाचते. ज्याचं वागणं चाचणीत बसत नाही त्याला काढलं, आणि उरलेल्यांच्या वागण्याला शरीराची क्षमता म्हटलं. समजा एका गटाला औषध दिलंय, त्यातले पाच वगळले आणि दुसऱ्यातला एक. मग तुलना कशाची झाली?

पाण्यातला उंदीर आणि मेडिकलवरचं टॉनिक

ट्रेडमिल महाग असते. म्हणून आपल्याकडे, विशेषतः फार्मसी कॉलेजांत, पोहण्याची चाचणी जास्त चालते. उंदराच्या शेपटीला त्याच्या वजनाच्या काही टक्के वजन बांधायचं, पाण्यात सोडायचं, आणि तो बुडून ठराविक सेकंद वर आला नाही की थकला असं लिहायचं. अश्वगंधा, शतावरी, शिलाजित, अशा कितीतरी गोष्टी या पाण्यातून गेल्या आहेत. 'थकवा घालवते, ताकद वाढवते' हे जे टॉनिकच्या बाटलीवर वाचता, त्याच्या मागे पुष्कळदा असाच उंदीर असतो.

पोहणाऱ्या उंदराचा ऑक्सिजन मोजणं ट्रेडमिलपेक्षा कितीतरी अवघड. केसांत हवा अडकते, त्यावर तो तरंगतो. पाणी गार असेल तर स्नायूंच्या आधी थंडी त्याला थांबवते. काही उंदीर बुडी मारून तळाला पाय टेकवतात आणि पुन्हा वर येतात. हुशारी आहे ती, दम नव्हे.

पण सगळ्यात अडचणीची गोष्ट वेगळीच आहे. १९७७ साली रॉजर पोर्सोल्ट आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक चाचणी मांडली. उंदराला पाण्यात सोडायचं, बाहेर पडायचा मार्ग नाही, आणि तो हातपाय हलवायचे कधी सोडतो ते बघायचं. नैराश्यावरची औषधं तपासायला ही चाचणी जगभर वापरली गेली. तिथे उंदराचं स्थिर तरंगणं म्हणजे हताश होणं. इकडे शेपटीला वजन बांधलं की उंदराचं थांबणं म्हणजे स्नायूंचा थकवा. पाणी तेच, उंदीर तोच, थांबणंही बरंचसं तेच. कॉरिडॉरच्या या टोकाला त्याला उदास म्हणायचं आणि त्या टोकाला दमलेला. दोन्ही खरं असू शकतं. पण ज्या चाचणीला दोन इतके वेगळे अर्थ लागतात, तिच्या एकट्याच्या जोरावर बाटलीवर 'सिद्ध' हा शब्द छापू नये. औषध दिलेला उंदीर चार मिनिटं जास्त पोहला, तर त्याचा दम वाढला, की तो जास्त घाबरला, की उत्तेजित झाला? चहा पिऊन अभ्यासाला बसलेला माणूस जास्त वेळ जागतो. म्हणून त्याची बुद्धी वाढली असं आपण म्हणत नाही.

हाच प्रश्न बैलाच्या बाबतीत

इथून थोडं प्रयोगशाळेबाहेर जाऊ, कारण महाराष्ट्रात हा प्रश्न थेट कोर्टात गेलेला आहे. बैलगाडा शर्यती. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नागराज प्रकरणात शर्यती बंद केल्या. बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, हा त्यातला एक मुद्दा होता. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. बैलाच्या धावण्याच्या क्षमतेचा अभ्यास करायला राज्य सरकारने समिती नेमली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली.

शर्यत असावी की नसावी हा या ब्लॉगचा विषय नाही. मला रस आहे प्रश्न कसा विचारला गेला यात. 'बैल पळू शकतो का?' याचं उत्तर शेतकऱ्याच्या लहान पोरालाही माहीत आहे. पळू शकतो. पण खरा प्रश्न तो नाही. कुठपर्यंत पळतो, कशाच्या जोरावर पळतो, आणि त्याच्या शरीराने 'बस' म्हटल्यानंतर आपण त्याला आणखी किती पळवतो? क्षमता हा एकच शब्द वापरला की हे तिन्ही प्रश्न त्यात बुडून जातात. ट्रेडमिलवरच्या उंदराचं नेमकं हेच होतं.

आणि याचं एक चांगलं उत्तर आपल्याकडेच आहे. औताच्या बैलांवर भारतात बरीच वर्षं शास्त्रीय काम चाललं. आपल्या जवळचं केंद्र म्हणजे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातली 'पशुशक्तीचा योग्य वापर' ही योजना. या क्षेत्रात बैल थकला की नाही हे ठरवायला गुणपत्रक वापरतात. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेतल्या उपाध्याय आणि मदन यांनी १९८० च्या दशकात ते मांडलं. श्वासाचा वेग, नाडी, अंगाचं तापमान, तोंडाला फेस, पाय अडखळणं, बिथरणं, जीभ बाहेर येणं, पुढे चालायला नकार. प्रत्येकाला गुण, एकूण ४०. बेरीज २० वर गेली की बैल थकला, जू काढा.

या पत्रकात मला आवडणारी गोष्ट अशी. 'चालायला नकार' हे त्यात आहे, पण आठांपैकी एक म्हणून. थांबणं हे थकण्याचं एक लक्षण आहे, सगळं थकणं नाही. नुसता अडून बसलेला बैल आणि खरोखर दमलेला बैल यात आपल्या शेतकऱ्याला जो फरक दिसतो, तो या पत्रकाने कागदावर आणला. उंदराच्या चाचणीने मात्र हा आठवाच रकाना ठेवला आणि बाकीचे सात खोडले. शिवाय बैलाचं पत्रक विचारतं 'आता कधी थांबवायचं?' आणि जाळी विचारते 'हा कधी हार मानतो?' हे दोन प्रश्न जनावराच्या बाजूने किती वेगळे आहेत ते सांगायला नको.

मग हे सगळं टाकून द्यायचं का?

नाही. ब्रिटन-कॉख यांचे वंश या क्षेत्रातलं मोलाचं काम आहे, आणि त्याची ताकद एका चाचणीवर उभी नाही. अंतर, ऑक्सिजन, चाक, रक्तदाब, पेशींमधली ऊर्जाकेंद्रं, आयुष्य, या सगळ्या वेगवेगळ्या बाजूंनी मोजल्यावरही फरक टिकला, म्हणून ते काम उभं आहे. माझी तक्रार आहे ती त्यांच्या मागून आलेल्या असंख्य छोट्या पेपरांबद्दल. त्यांनी जाळी घेतली, ऑक्सिजन सोडला, आणि 'एरोबिक क्षमता' हा शब्द मात्र ठेवला.

पर्याय अस्तित्वात आहेत. झटक्याऐवजी मागून हवेचा झोत किंवा मऊ ब्रश वापरता येतो. चाचणी उंदराच्या रात्री, लाल दिव्यात घेता येते. संपूर्ण गटाचा ऑक्सिजन मोजणं परवडत नसेल तर काहींचा मोजून पठार येतं का ते दाखवता येतं. चाचणी संपताच शेपटीतून रक्ताचा एक थेंब घेऊन लॅक्टेट बघता येतं. थांबला आणि लॅक्टेट चढलेलंच नाही, तर तो उंदीर थकलेला नव्हता, त्याने नाही म्हटलं होतं. आणि स्वेच्छेचा प्रश्न असेल तर चाक आहेच. योहाना मायर आणि युरी रॉबर्स यांनी २०१४ मध्ये उघड्या रानात चाक ठेवून पाहिलं, तर रानउंदीरही येऊन पळून गेले. पिंजऱ्याचा कंटाळा नाही, कुणाची सक्ती नाही. पळणं त्यांना आवडतं असं दिसतं. मग प्रत्येक वेळी त्यांना जाळीच्या धाकानेच पळवायची गरज आहे का, हे विचारायलाच हवं.

आपल्याकडे प्राण्यांवरचा प्रत्येक प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली संस्थेच्या आचारसमितीपुढे जातो. तिथे 'झटका किती, किती वेळा' हे विचारलं जातं आणि ते योग्यच आहे. माझ्या मते आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे: 'हा झटका देऊन जो आकडा मिळेल, तो तुम्ही म्हणता ती गोष्ट मोजतो का?' मोजत नसेल, तर तो झटका कितीही सौम्य असला तरी वाया गेला. विज्ञान कच्चं असेल तर त्यासाठी दिलेला त्रास आपोआप जास्त ठरतो. चांगली पद्धत आणि दया या इथे दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत.

पुढच्या वेळी पेपर वाचाल तेव्हा

तुम्ही संशोधक असा, बीएस्सीचे विद्यार्थी असा, किंवा पेपरात 'उंदरांवर सिद्ध' वाचून टॉनिक घ्यायला निघालेले असा. चार प्रश्न खिशात ठेवा.

पहिला, थकला हे कशावरून ठरवलं? वागण्यावरून की शरीरावरून?
दुसरा, टक्के कशाचे आहेत? अंतराचे, वेळेचे, वेगाचे की ऑक्सिजनचे? आणि भागलं कशाने?
तिसरा, किती प्राणी वगळले, कुठल्या गटातून?
चौथा, चाचणी कधी आणि कशाच्या धाकाने घेतली?

चारही उत्तरं पेपरमध्ये असतील तर निकालावर विश्वास ठेवायला हरकत नाही, मग तो तुमच्या मनाविरुद्ध का असेना. एकही नसेल तर तो पेपर एवढंच सांगतोय की काही उंदीर इतरांपेक्षा उशिरा थांबले.

आणि हे माणसांसाठी का महत्त्वाचं आहे ते सांगून थांबते. 'दम जन्मजात असतो' हे वाक्य प्रयोगशाळेतून बाहेर पडलं की ते कुणाला लागू होतं? भरतीत तिसऱ्यांदा पळणाऱ्या पोरीला. उसाच्या फडात बारा-चौदा तास राबून आल्यावर जिन्यावर धाप लागणाऱ्या बाईला. त्यांचं थांबणं बघून 'यांच्यात मुळातच कमी आहे' असं म्हणणं फार सोपं असतं. कुणी रिकाम्या पोटी थांबतं, कुणी झोप न झाल्यामुळे, कुणी रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असल्यामुळे, कुणी केवळ पुढे पळायला काही कारण न उरल्यामुळे. उंदराच्या बाबतीत हे वेगळं करायला आपण शिकलो नाही, तर माणसाच्या बाबतीत ते करू याची मला खात्री वाटत नाही.

पुढच्या पोस्टमध्ये लॅक्टेटबद्दल लिहिणार आहे. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात त्याचा दोष उगाचच त्याच्यावर टाकला जातो, तिथून सुरुवात करू. प्रश्न असतील तर खाली विचारा, आणि वरचा ३१० मीटरचा हिशोब एकदा स्वतः करून बघाच.